सोयाबीनचा हंगाम आणि लेकरांचा श्वास

दसरा उलटला की रिसोडच्या बाजारपेठेचे रूप पालटते. खेड्यापाड्यांतून सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली वाहने बाजार समितीच्या वाटेला लागतात, अडत दुकानांपुढे राशी पडतात, चाळण्या फिरू लागतात आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात एक करडी धूळ हवेत तरंगत राहते. या धुळीवर आपल्या घरांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या. तिच्याविषयी वाकडे बोलणे कोणाही व्यापाऱ्याच्या जिभेवर सहज येणार नाही. परंतु याच दिवसांत आपल्यापैकी अनेक घरांत चार-पाच वर्षांचे एखादे लेकरू रात्री दोन-तीनच्या सुमारास ढास लागून उठते, आईच्या खांद्यावर बसून पहाट काढते आणि सकाळी अंगणात पुन्हा हुंदडू लागते. दिवसा ते इतके ठणठणीत दिसते की रात्रीची गोष्ट घरातले विसरून जातात. ‘हवा बदलली’, ‘दिवाळीचे तळण बाधले’, ‘आजोळी थंड पाणी प्याले’ अशी कारणे सांगितली जातात, खोकल्याच्या औषधाची नवी बाटली येते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

या आजाराचे नाव उच्चारायला घरातले कचरतात. बालदमा हा शब्द कानावर पडला की आजीचा चेहरा उतरतो आणि मुलगी असेल तर त्याहून अधिक. म्हणून ‘ॲलर्जीची सर्दी’, ‘छातीचा त्रास’, ‘कफ प्रकृती’ अशा सौम्य शब्दांचे पांघरूण घातले जाते. नाव कोणतेही द्या, श्वासनलिकांच्या आत घडते ते एकच असते. नलिकांचे अस्तर सदैव थोडे सुजलेले, हळवे असते. धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा साधी विषाणूजन्य सर्दी यांपैकी काहीही त्या अस्तराला झोंबले की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट स्राव साचतो आणि हवा बाहेर पडताना शीळ घातल्यासारखी सुईसुई होते. आवळलेले स्नायू औषधाने दहा-पंधरा मिनिटांत सैल पडतात. सूज मात्र धाप गेल्यावरही आत तशीच राहते. या लेखात पुढे जे सांगायचे आहे ते सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

प्रत्येक घरघर म्हणजे दमा, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील टुसॉन शहरात मुलांना जन्मापासून वर्षानुवर्षे पाहत राहून केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन वर्षांत ज्यांची छाती वाजली होती, त्यांतल्या सुमारे साठ टक्के मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबलेला आढळला. लहान नलिका, वरचेवर होणारी सर्दी, एवढेच त्यांचे दुखणे होते. फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी पाच-सहा वर्षांच्या आतील मुलाला नीट जमत नाही. म्हणून डॉक्टर लक्षणांच्या क्रमावरून ठरवतात. खोकला रात्री वाढतो का, हसल्या-रडल्यावर किंवा धावल्यावर येतो का, सर्दी नसतानाही येतो का, आई-वडिलांपैकी कोणाला दमा वा ॲलर्जी आहे का, लेकराला त्वचेचा इसब आहे का, आणि पंपाने आराम पडतो का. या प्रश्नांची उत्तरे आईकडे असतात. वही करून तारीख, वेळ आणि त्या दिवशी काय घडले एवढे दोन महिने टिपून ठेवले तर ती वही डॉक्टरांना दहा रक्ततपासण्यांहून अधिक सांगून जाते. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या घरांना हे जड जाऊ नये.

सोयाबीनच्या धुळीकडे पुन्हा वळू, कारण तिची एक गोष्ट जगाच्या वैद्यकीय इतिहासात नोंदली गेली आहे आणि ती आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे. स्पेनमधील बार्सिलोना या बंदराच्या शहरात १९८१ ते १९८७ या काळात एक विचित्र प्रकार घडू लागला. एरवीचा दिवस शांत जायचा आणि मग अचानक एखाद्या दिवशी दम्याच्या तीव्र झटक्याने हैराण झालेले लोक काही तासांत रुग्णालयांच्या दारात गोळा व्हायचे. असे २६ प्रसंग घडले. कारखान्यांचा धूर तपासला, हवामान तपासले, काही हाती लागेना. अखेरीस डॉक्टर अंतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदरावरील जहाजांच्या नोंदी रुग्णालयांच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिल्या. ज्या दिवशी झटक्यांची लाट आली, त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरत होते. एका कोठारावर धूळ अडवणाऱ्या गाळण्याच नव्हत्या. सोयाबीनच्या टरफलातील प्रथिने त्या धुळीबरोबर वाऱ्यावर शहरभर पसरत होती. १९८९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. कोठारावर गाळण्या बसवल्या गेल्या आणि लाटा थांबल्या. बंदर चालू राहिले, सोयाबीन उतरत राहिले.

त्या लाटांत सापडलेले रुग्ण प्रौढ होते, हे खरे. रिसोडचा बाजार म्हणजे बार्सिलोनाचे बंदरही नव्हे. शिवाय ही ॲलर्जी टरफलाची धूळ श्वासात गेल्याने होणारी आहे. स्वयंपाकातल्या सोयाबीन तेलाने कोणाला दमा होतो असे यावरून कोणी काढू नये. परंतु सोयाबीनची धूळ ही नुसती माती नसून तीव्र ॲलर्जी घडवू शकणारा पदार्थ आहे, एवढे यातून निर्विवाद ठरले. आपल्याकडे तर धुळीचे वर्षभराचे पंचांगच आहे. हंगामात सोयाबीन आणि शिवारातले कुटार, पुढे तुरीची आणि हरभऱ्याची आवक, उन्हाळ्यात हिंगोली-वाशीम पट्ट्यातल्या हळदीचे पॉलिश, आणि पावसाळाभर रस्त्याकडेला फुलणारे गाजरगवत, ज्याचे आगमन १९५० च्या दशकात पुण्याकडे प्रथम नोंदले गेले आणि ज्याने पुढे सारा महाराष्ट्र व्यापला.

अनेक घरांत खाली दुकान वा गोदाम आणि वर राहणे अशी रचना आहे. ती एका रात्रीत बदलता येत नाही, आणि धंदा बदला असे सांगणारा डॉक्टर व्यवहारशून्य म्हटला पाहिजे. परंतु धूळ घरात येते ती बहुतांशी आपल्या अंगावरून. संध्याकाळी दुकानातून आलेले वडील दारातच लेकराला उचलून घेतात, ते त्याच सदऱ्यात. लेकरू त्याच खांद्यावर नाक घासते. दुकानाचे कपडे दुकानातच किंवा जिन्याखाली बदलण्याची, हातपाय-तोंड धुऊन मग मुलाला घेण्याची रीत घातली तर एक रुपयाही लागत नाही. देरासरात जाताना आपण शुद्ध वस्त्रे नेसतोच. लेकराच्या खोलीसाठी तेवढीच शिस्त पुरते. चाळणी चालू असताना वरच्या मजल्याच्या त्या बाजूच्या खिडक्या मिटाव्या, रिकामा बारदाना झटकायचे काम मुले शाळेत असताना उरकावे. गोदामातल्या किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र ज्या गोदामावर माणसे राहतात तिथे कदापि ठेवू नयेत. हा प्रश्न दम्याचा राहिला नाही. त्या गोळ्यांतून निघणारा वायू झोपेत जीव घेतो.

घरातल्या इतर गोष्टी थोडक्यात सांगतो. डास घालवण्यासाठी लावलेली कॉइल ही दम्याच्या मुलाच्या खोलीतली सर्वांत वाईट वस्तू. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात. जे घर पिढ्यान् पिढ्या निर्व्यसनी आहे, तिथे बंद खोलीत बाळाशेजारी ही कॉइल रात्रभर जळते, आणि ती लावणारा हात मोठ्या मायेचा असतो. मच्छरदाणी लावावी, तिने डासही मरत नाही आणि लेकराचा श्वासही वाचतो. अगरबत्ती आणि धूप यांचे असेच. धूपपूजेच्या वेळी मुलाला थोडे मागे, मोकळ्या हवेत उभे करावे, घरच्या देव्हाऱ्यात तुपाचा दिवा पुरेसा मानावा. वासक्षेप घेताना ती पूड नाकातोंडात उडू नये एवढे पाहावे.

अंथरुणाचा विषय आपल्या समाजात थोडा नाजूक आहे. धुळीतले सूक्ष्म किडे गाद्या-उशांत वाढतात, आपल्याच त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांच्या विष्ठेने ॲलर्जी होते. फवारे मारून त्यांचा नाश करण्याची कल्पना मनाला पटत नाही. सुदैवाने वैद्यकशास्त्राचा भर मारण्यावर नाहीच. या जीवांना ओलावा लागतो. ओलावा राहू न देणे म्हणजे जीवोत्पत्तीलाच वाव न देणे, आणि ही जयणा आपल्या आज्यांना कोणी शिकवावी लागली नाही. मुलाच्या गादीला व उशीला घट्ट विणीची, चेनची खोळ कोरडी असतानाच घालावी, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्या, केसाळ खेळणी आणि जाड रजया काढून टाकाव्या, आणि झाडू मारताना मूल दुसऱ्या खोलीत ठेवून नंतर ओल्या फडक्याने पुसावे. नुसत्या खोळीने दमा जातो असे नाही. हे उपाय एकत्र केले आणि औषध चालू ठेवले तरच फरक दिसतो.

कबुतरांविषयी लिहिताना लेखणी अडखळते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जे घडले ते वाचकांच्या स्मरणात आहे. त्याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. कबुतरांच्या विष्ठेतील व पिसांतील कणांनी काही माणसांना फुप्फुसांचा एक वेगळा, कायमचा आजार जडतो, आणि दम्याच्या मुलाला ते कण झोंबू शकतात, हे वैद्यकीय सत्य आहे. जीवदयेचे व्रत ज्या घरात आहे त्या घराने दाणे टाकण्याची जागा मुलाच्या खिडकीपासून, वाऱ्याच्या दिशेपासून दूर न्यावी आणि वाळलेली विष्ठा कोरडी खरवडण्याऐवजी आधी भिजवून काढावी. घरातला तो लहान जीवही दयेचा अधिकारी आहेच.

आता औषधाकडे येऊ. दम्याचे औषध श्वासावाटे देणे हा सर्वांत सौम्य मार्ग आहे, आणि आपल्याकडे नेमकी त्याचीच सर्वांत अधिक धास्ती. ‘एकदा पंप लागला की जन्माचा लागला’ हे वाक्य किती घरांत ऐकू येते! व्यापारी माणसाला आकडे पटतात, म्हणून आकडेच देतो. साल्ब्युटामॉल हे नलिका सैल करणारे औषध पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असते. तेच औषध पाच मिलीलिटर गोड पातळ औषधात किंवा एका गोळीत २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. एका चमच्यात वीस दाब! चमच्यातले औषध पोटातून रक्तात, रक्तातून हृदयाकडे, हातापायांकडे आणि उरलेसुरले छातीत जाते. मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातले जिथे हवे तिथेच पडते. तरीही आपण चमचा निर्धास्तपणे देतो आणि पंपाला भितो.

पंप दोन प्रकारचे असतात आणि घोटाळा इथेच होतो. एक तात्काळ आराम देणारा, वर सांगितलेला. दुसरा सूज आटोक्यात ठेवणारा, अत्यल्प मात्रेतील स्टेरॉइडचा. तो रोज, मूल पूर्ण बरे असतानाही, डॉक्टर सांगतील तितके महिने घ्यायचा असतो. पहिल्याने रात्र निभते. दुसऱ्याने तशी रात्र येण्याचे प्रमाण घटते. घरोघरी पहिला पंप जपून ठेवलेला असतो आणि दुसरा ‘आता बरे आहे’ म्हणून पंधरा दिवसांत बंद झालेला असतो. आत राहिलेली सूज मग दसऱ्याची वाट पाहते. रंगावरून पंप ओळखू नये, कंपनीगणिक रंग बदलतात. नाव वाचावे आणि मराठीत मोठ्या अक्षरांत ‘रोजचा’ व ‘अडचणीचा’ अशा चिठ्ठ्या चिकटवाव्या. आणखी एक हिशेब. पंपात २०० मात्रा असतील आणि सकाळी दोन, संध्याकाळी दोन असे सांगितले असेल तर तो पन्नास दिवसांत संपला पाहिजे. पाच महिने पुरला असेल तर काटकसर झाली नाही, औषधच दिले गेले नाही. पंप पाण्यात टाकून तरंगतो का हे पाहण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहावी.

स्टेरॉइड या शब्दाची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून ती झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेत पाच ते बारा वर्षांच्या १०४१ मुलांना चार ते सहा वर्षे निरनिराळी औषधे देऊन एक मोठा अभ्यास झाला. ज्या मुलांनी रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड श्वासावाटे घेतले, त्यांची मोठेपणीची उंची औषधाविना राहिलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. हा निष्कर्ष २०१२ साली आला. म्हणजे किंमत आहे. ती अर्ध्या इंचाहून कमी आहे. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही मोजावे. पंधरा किलोच्या मुलाला तीव्र झटका आला की पोटातून दिवसाला साधारण १५ मिलिग्रॅम स्टेरॉइड निदान तीन दिवस द्यावे लागते. ते झाले ४५ मिलिग्रॅम. रोज २०० मायक्रोग्रॅमच्या पंपाने एवढा आकडा गाठायला २२५ दिवस लागतात. दोन औषधे वेगळी असल्याने हा हिशेब काटेकोर मानू नये, पण झटक्यांच्या स्टेरॉइडला आपण कधी भीत नाही आणि रोजच्या कणभर औषधाला भितो, यातली विसंगती ध्यानात यावी. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनीच, मूल दोन-तीन महिने निर्धोक राहिल्यावर, पायरीपायरीने.

लहान मुलाला पंप थेट तोंडात देऊन उपयोग नाही. मध्ये स्पेसर नावाची नळकांडी लागते. चार वर्षांच्या आत तिला मुखवटा जोडायचा. पंप हलवावा, मुखवटा गालांवर नीट बसवावा, एक दाब द्यावा, मुलाला पाच-सहा श्वास सावकाश घेऊ द्यावे. दुसरा दाब मग. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फार थोडे पोहोचते, म्हणून आधी बाहुलीला, आजोबांना खोटा-खोटा पंप देण्याचा खेळ करावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवावा, फडक्याने पुसू नये; पुसल्याने प्लास्टिकवर वीज साचते आणि औषध भिंतीलाच चिकटते. प्रवासात स्पेसर हरवला तर? दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर हेदर झार यांनी १९९९ साली दाखवून दिले की शीतपेयाच्या ५०० मिलीलिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचे छिद्र पाडून कडा बंद केल्या, तर झटक्यातल्या मुलांना त्या बाटलीने बाजारातल्या स्पेसरइतकाच आराम पडतो. वाफेच्या यंत्राचा आपल्याकडे मोठा दरारा आहे. परंतु सौम्य आणि मध्यम झटक्यात स्पेसरने दिलेला पंप त्या यंत्राइतकेच काम करतो, आणि वीज गेली तरी चालतो. रिसोडच्या वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको.

आपल्या घरांचा एक खास प्रश्न वेळेचा. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकावी लागते, एरवी तोंडात पांढरी बुरशी धरते. मुखवटा वापरणाऱ्या बाळाचा चेहराही पुसावा लागतो. जिथे चौविहार पाळला जातो तिथे रात्री नऊची मात्रा अडचणीची होते, आणि मग ती बुडते. वेळ बदलावी, हा साधा उपाय. सकाळची मात्रा नवकारशीनंतर, दूध पिण्याआधी. संध्याकाळची सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाआधी. त्यानंतर दात घासणे, चूळ भरणे आपोआप होते. दोन्हींतले अंतर दहा-अकरा तासांचे पडते आणि तेवढे चालते. डॉक्टरांना एकदा सांगून ठेवावे म्हणजे झाले. अडचणीच्या पंपाला मात्र घड्याळ नसते. प्रत्याख्यानांतच आगार सांगितलेले आहेत. व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची सूट पूर्वाचार्यांनीच ठेवली आहे, आणि इथे तर विषय चार वर्षांच्या बालकाचा आहे. शंका असेल तर चातुर्मासात महाराजसाहेबांना, साध्वीजींना विचारावे.

झटक्याच्या रात्रीसाठी डॉक्टरांकडून एक कागद आधीच लिहून घ्यावा आणि तो स्वयंपाकघराच्या कपाटाच्या आत चिकटवावा. पाच वर्षांच्या आतील मुलांसाठी जागतिक मार्गदर्शनातला साधारण क्रम असा: आराम देणाऱ्या पंपाचे दोन दाब, एकेक करून, स्पेसरमधून, वीस मिनिटांनी गरज वाटली तर पुन्हा दोन, आणखी वीस मिनिटांनी पुन्हा दोन. पहिल्या दोन तासांत सहाहून अधिक दाब लागत असतील तर घरी थांबू नये. पहिल्या दाबांनंतरही बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, मूल दोन शब्दही सलग बोलू शकत नसेल, पाणी पिऊ शकत नसेल, गुंगीत जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याच क्षणी निघावे आणि वाटेत पंप देत राहावे. करोनाच्या काळात घेतलेले बोटाचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र अनेक घरांत पडून आहे. त्यावर ९२ च्या खाली आकडा दिसला तर विचार करीत बसू नये. आकडा बरा दिसला म्हणून धापेकडे दुर्लक्षही करू नये. घरघर एकदम थांबली आणि मूल शांत झाले, याचा अर्थ प्रत्येक वेळी आराम पडला असा नसतो. कधीकधी हवाच आत-बाहेर होत नसते. रिसोडहून अकोल्याला निदान दोन तास लागतात. म्हणून पहिला थांबा गावातले ग्रामीण रुग्णालय किंवा आपले नेहमीचे डॉक्टर. तिथे ऑक्सिजन लागल्यावरच पुढचा प्रवास, तोही १०८ च्या रुग्णवाहिकेतून. ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांसाठी जवळचा ऑक्सिजन ओलांडून जाणे हा प्रतिष्ठेचा जुगार आहे.

जागतिक दमा अहवालाच्या २०२२ च्या आवृत्तीत एक आकडा आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत; दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात घडतात. रोग तोच, औषधेही तीच, आणि ती येथे मिळतात. जनऔषधी केंद्रातही पंप मिळतो. तरीही रोजचा पंप फार थोड्यांच्या घरात चालू असतो.

त्याची जागा भलतेच काही घेते. चिठ्ठीविना मिळणारे मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनचे गोड औषध महिनोन् महिने दिले जाते. मॉन्टेलुकास्टमुळे काही मुलांत चिडचिड, दुःस्वप्ने, मनाचे आजार उद्भवतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत ठळक इशारा छापायला लावला. हे आपल्या गल्लीतल्या किती आयांना ठाऊक आहे? खोकल्याच्या बाटल्यांविषयी तर २०२५ च्या शरद ऋतूत छिंदवाड्याकडची लेकरे दूषित औषधाने दगावली, त्यांतली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत, एवढे आठवले तरी पुरे. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादेत बथिनी कुटुंब जिवंत माशातून दम्याचे औषध देते. शाकाहारींसाठी तेच गुळातून मिळते, म्हणून आपल्याकडचीही माणसे वाशीमवरून गाडी धरतात. त्या औषधाच्या गुणाला शास्त्रीय पुरावा नाही. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी जावे, मात्र मुलाचा रोजचा पंप सोडून नव्हे. कोणा वैद्याच्या बिननावाच्या पुडीने दुसऱ्याच दिवशी चमत्कार घडला तर अधिकच सावध व्हावे. अशा पुड्यांत पोटातून जाणारे स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, आणि आपण ज्याला भीत होतो तेच कितीतरी पटींनी लेकराच्या पोटात गेलेले असते.

पथ्याचा अतिरेकही असाच. दही बंद, केळी बंद, भात बंद, तूप बंद, आणि आधीच कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरातले लेकरू पोळी-वरणावर येते. दम्याच्या बहुसंख्य मुलांत अन्न हे झटक्याचे कारण नसते. खरी अन्नाची ॲलर्जी लपून राहत नाही: पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ-डोळे सुजणे, उलटी, धाप. शेंगदाणा, काजू, तीळ, दूध यांच्याकडे त्या दृष्टीने पाहावे. आणि हरभऱ्याकडेही, कारण मुंबईच्या डॉक्टरांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हरभरा हा भारतीयांतील महत्त्वाचा ॲलर्जीकारक ठरला आहे. बेसन ज्या स्वयंपाकघराचा कणा आहे तिथे ही माहिती हवी. दमा आणि खरी अन्न-ॲलर्जी दोन्ही असलेल्या मुलाला विशेष जपावे लागते. ते प्रकरण तज्ज्ञाकडेच न्यावे. बाकीच्यांना दही खाऊ द्या.

लपवाछपवीविषयी एवढेच, की पाच वर्षांच्या मुलीच्या लग्नाची काळजी करून तिचा पंप पाहुण्यांसमोर कपाटात दडवणारी घरे मी पाहिली आहेत. ती मुलगी त्यातून इतकेच शिकते की श्वास लागला तर कोणाला सांगायचे नाही. शाळा सुरू होताना वर्गशिक्षिकेला आजार सांगावा, एक जादा पंप व स्पेसर नावाच्या चिठ्ठीसह शाळेत ठेवावा, आणि खेळाच्या तासाला मुलाला बाकावर बसवून ठेवू नका असेही सांगावे. हा पंप कसा द्यायचा हे घरात केवळ आईलाच येत असेल तर तेही अपुरे. दुकानावरचे वडील, आजोबा, काका, सर्वांना तो देता यायला हवा, कारण झटका आई माहेरी गेली म्हणून थांबत नाही.

यात्राही बंद करू नयेत. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला पोष दशमीची पहाट गारठ्याची असते. मुलाच्या नाकातोंडावर सुती रुमाल असावा. पालीताण्याच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या दमा आटोक्यात असलेले मूल चढू शकते. निघण्यापूर्वी अडचणीच्या पंपाचे दोन दाब द्यायचे की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. पंप आणि स्पेसर मात्र आईच्या खांद्यावरच्या पिशवीत हवा. तो सामानाच्या बॅगेत राहतो, बॅग बसमध्ये राहते, आणि बस तळेटीला उभी असते.